कपाळावरचं मेण

नळकांडं उपडं केलं तर त्यातून पाणी पडलं.

फार नाही. वीतभर बांबूत मावेल तेवढंच. मायनं ते पुन्हा एकदा झटकलं, तेव्हा आतलं जळकं फडकं काळ्या चिखलासारखं तिच्या तळहातावर आलं. ती त्याच्याकडं बघत बसली.

डोंगरातल्या एका कपारीत आम्ही चौघी होतो. माझी माय, माझी थोरली बहीण, तिला मी अक्का म्हणायचे, अक्काची तीन महिन्यांची मुलगी आणि मी. बाहेर गारा थांबल्या होत्या, पण पाऊस आणि वारा थांबला नव्हता. आमच्या अंगावर कोरडा धागा नव्हता. कपारीत मेंढक्यांनी मागं टाकलेलं वाळकं गवत होतं, काटक्या होत्या, लेंड्यांचा ढीग होता. जाळायला सगळं होतं. पेटवायला काही नव्हतं. मायच्या कमरेला खोचलेल्या आगपेटीचा लगदा झाला होता. काडी ओढली की गुल निघून बोटाला चिकटायचा.

अक्काचं पोर थोड्या वेळापूर्वी रडत होतं. आता रडत नव्हतं. ओठ जांभळे पडले होते आणि हात लाकडाच्या बाहुलीसारखे ताठ झाले होते.

"माय, ही डोळे उघडंना," अक्का म्हणाली.

 नळकांड्याच्या तोंडाला राहिलेलं मेण मायनं नखानं खरवडलं, दोन बोटांत चोळलं आणि नाकाशी नेलं.

"ह्याला मेण कुणी लावलं?"

"मी," मी म्हणाले.

हे नळकांडं काय होतं ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

पोलीस ॲक्शनच्या आधीच्या धामधुमीत आमचं सगळं गाव घरंदारं सोडून डोंगरात जाऊन राहिलं होतं. कन्नडच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याला आमचं गाव. मी तेव्हा पाच वर्षांची होते. मला आठवतं ते एवढंच की पाय सारखे ओले होते आणि कुणी मोठ्यानं बोलू देत नव्हतं. बाकीचं मला अक्कानं सांगितलं. भादव्याचा पाऊस होता. लोकांजवळ आगपेट्या होत्या, पण सगळ्या भिजल्या. चार दिवस कुणाच्या हातून जाळ झाला नाही. माझा धाकटा भाऊ आठ महिन्यांचा होता. तो गारठून गेला. मग फौज आली, निजामाचं राज्य गेलं, माणसं हसत-रडत खाली उतरली. मायही उतरली, पण तिच्या कडेवर कुणी नव्हतं.

त्या वर्षापासून माय नळकांडी करायला लागली. तिला कुणी शिकवलं नव्हतं. मेंढक्यांकडं चकमक असायची, गारगोटीवर मारून ठिणगी पाडायचा पोलादाचा तुकडा, तेवढी तिनं पाहिली होती. बाकीचं तिनं करून, चुकून, पुन्हा करून बसवलं.

दसरा झाला की डोंगरातला एक म्हातारा भिल्ल मधाची पोळी घेऊन यायचा. माय त्याला ज्वारी द्यायची आणि मध पिळून घेतलेलं पोळंसुद्धा ठेवून घ्यायची. ते पोळं पाण्यात उकळायचं, फडक्यातून पिळायचं आणि गार होऊ द्यायचं. सकाळी पातेल्यात पाण्यावर मेणाची पिवळी भाकरी तरंगत असायची. घरभर वास सुटायचा. तो वास मला अजून कुठं मिळाला नाही. साध्या मेणबत्त्यांना तो येत नाही, दुकानातल्या मेणालाही नाही.

मग फडकं जाळायचं. त्याला जुनंच लुगडं लागायचं, धुऊन धुऊन जाळी झालेलं. नवं कापड चालत नाही. दादांची, म्हणजे माझ्या वडिलांची, तंबाखूची एक पितळी डबी होती, वर उर्दू अक्षरं कोरलेली. तिला मायनं खिळ्यानं भोक पाडलं होतं. दादा पुष्कळ दिवस त्यावरून बोलत होते. त्या डबीत फडक्याचे तुकडे भरायचे, झाकण लावायचं आणि डबी निखाऱ्यात ठेवायची. भोकातून धूर निघतो. धूर थांबला की डबी बाहेर काढायची. पण लगेच उघडायची नाही. गरम असताना उघडली की आत वारा शिरतो आणि सगळ्याची राख होते. गार झाल्यावर उघडली तर आत काळं, मऊ, अख्खं फडकं मिळतं. त्यावर चकमकीची एक ठिणगी पडली तरी ती विझत नाही, हळूहळू पसरत जाते.

ठिणगी धरायला फडकं, आणि जाळ धरायला काकडा. आपल्या शेतातला कापूस वळून करंगळीएवढी वात करायची आणि मेणात बुडवायची. त्या मेणात माय सालईचा डिंक कुटून घालायची. असा काकडा वाऱ्यातही जळतो, ओल्या काटकीलाही पेटवतो.

चकमक, गारगोटी, फडकं आणि दोन काकडे, एवढं बांबूच्या पेरात भरायचं. तोंडाला हलक्या लाकडाचं बूच, बुचाला दोरा गुंडाळलेला, आणि वरून मेण. एकदा बुडवायचं, गार होऊ द्यायचं, पुन्हा बुडवायचं, असं तीनदा. ह्यात घाई करायची नाही.

एवढ्यावर माय थांबायची नाही. केलेल्यातलं एक नळकांडं दगड बांधून रांजणात सोडायची. एक रात्र, एक दिवस. मग काढून, फोडून, त्याच्याच जाळावर चूल पेटवायची. पेटली तर बाकीची खुंटीला टांगायची. नाही पेटली तर सगळी फोडून पुन्हा.

दादा म्हणायचे, "लोकाच्या रांजणात पाणी असतंय. आमच्यात इस्तू."

शेजारची काकू म्हणायची, "अगं माय, आता राज आपलं आलं. आता कुठं पळायचंय तुला?"

माय म्हणायची, "पाऊस काय राज बघून पडतो व्हय?"

आणि एक रीत तिनं स्वतःच पाडली होती. घरातली मुलगी सासरी निघाली की तिच्या ओटीत नारळ, तांदूळ, खण, हळकुंड आणि एक नळकांडं. चुलत्यांच्या दोन मुलींना दिलं. अक्काला दिलं. मुलींना लाज वाटायची. सासरी ओटी उघडली की बायका विचारायच्या, हे काय, बासरी आणली का सुनेनं? तरी माय द्यायचीच. मी लहान होते तेव्हापासून मला ठाऊक होतं की एक दिवस माझ्या ओटीतही ते येणार. मला त्याची लाज वाटत नव्हती. मला ते पाहिजे होतं.

मी सोळाची झाले. त्या नवरात्रात मला बघायला आले. सासू होणारी बाई मला समोर बसवून पुष्कळ वेळ बघत राहिली आणि उठताना म्हणाली, "पोरगी कामाची हाय. कुंकू तेवढं फरकाटलंय."

सोयरीक ठरली. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही.

तेव्हा कुंकू म्हणजे आताच्यासारखी टिकली नव्हती. आधी कपाळाला मेणाचं बोट लावायचं आणि त्यावर कोरडं कुंकू. मेण चांगलं असलं की कुंकू गोल बसतं, घामानं ओघळत नाही. नळकांड्याला जे मेण तेच कपाळाला. एरवी दोन्हीला पुरायचं. त्या वर्षी भिल्ल म्हातारा एकच पोळं घेऊन आला. मायनं सरळ सांगितलं, "यंदा मेण नळकांड्याला. कपाळाला तेलाचं बोट लावा. राहिलं तर राहिलं."

त्यातच मायच्या अंगठ्याला नखुरडं झालं. तिला काही धरता येईना. फडकं तिनं कसंबसं जाळलं, काकडे वळले, आणि मेणाचं काम पहिल्यांदाच माझ्याकडं दिलं. मी चुलीजवळ बसले. ती ओसरीवर अंगठ्याला पोटीस बांधून बसली होती. मी त्या भाकरीतून लिंबाएवढा गोळा मोडला आणि परकराच्या नेफ्यात खोवला. उरलेलं मेण कमी दिसायला लागलं, म्हणून त्यात करडईचं दोन पळ्या तेल ओतलं. रंग तोच राहिला. तीनदा बुडवायचं ते मी तीनदाच बुडवलं. त्यात मी कसूर केली नाही.

मायनं एक नळकांडं रांजणात सोडलं. दुसऱ्या दिवशी काढून फोडलं. आत कोरडं होतं. चूल पेटली. मला हायसं वाटलं. थंड पाण्यात मऊ मेणही घट्ट राहतं हे मला ठाऊक नव्हतं. मायला ठाऊक होतं की नाही, कोण जाणे. मेणात कुणी तेल घालील हे तिच्या मनातच आलं नसणार.

तो गोळा मी एका डबीत लपवून ठेवला. रोज सकाळी गुपचूप बोट लावायचे. माझं कुंकू गोल बसायला लागलं. अक्का बाळंतपणाला आली होती. ती म्हणाली, "लई रूप आलंय गं तुला सोयरीक झाल्यापासनं." मी हसले.

माघात अक्काची सासरी जायची वेळ झाली. तिच्या घरून निरोप आला की ज्वारीची काढणी चालू आहे, न्यायला माणूस नाही, तुम्हीच आणून सोडा. आमच्याकडंही काढणीच चालली होती. दादा आणि थोरला भाऊ शेतात होते. मोटारीनं जायचं तर कन्नडला जाऊन दुसरी गाडी, आणि खाली उतरून वर पुन्हा तीन कोस चालणं. डोंगरातून पायवाटेनं गेलं तर सकाळी निघून दुपार कलायच्या आत पोचता यायचं. माय म्हणाली, आपण बायाच जाऊ.

निघताना मायनं एक नळकांडं गाठोड्याच्या वरच्या गाठीत खोवलं. दादा म्हणाले, "माघात कशाला ते?"

"वजन तुमच्या डोक्यावर हाय का?" माय म्हणाली.

चढताना ऊन चांगलंच तापलं. माघ असून अंगाला घाम आला. गाठोडं मायच्या डोक्यावर, आणि नळकांडं गाठोड्यावर, सरळ उन्हात. त्या वेळी ते मेण पघळून बुचावरून सरकलं असणार. आमच्या कुणाच्या ध्यानात आलं नाही. आम्ही गप्पा मारत चाललो होतो. अक्का सासूची नक्कल करत होती. माय हसत होती. माय फार कमी हसायची, म्हणून ते लक्षात राहिलं.

माथ्यावर पोचलो आणि खानदेशाकडून आभाळ काळं होऊन आलं. बघता बघता वारा सुटला आणि गारा. बोराएवढ्या, मग त्याहून मोठ्या. मायनं गाठोडं अक्काच्या डोक्यावर धरलं, अक्का पोरावर वाकली, आणि आम्ही पळालो. कपार मायला ठाऊक होती. धाकटा भाऊ गेला त्या साली लोक तिथंच कुठंतरी राहिले होते. पोचलो तोवर आम्ही नदीतून काढल्यासारख्या झालो होतो, आणि वारा असा होता की दात वाजायचे थांबेनात.

म्हणून ती तिथं बसली होती, तळहातावर तो काळा चिखल घेऊन.

"मेणात काय घातलंस?" तिनं विचारलं.

 तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. माझ्या डोळ्यांकडं नाही, कपाळाकडं. अक्काचं कुंकू धुऊन गेलं होतं. मायचं ओघळून नाकावर आलं होतं आणि हनुवटीवरून टिपकत होतं. माझं मात्र सकाळी लावलं तसंच होतं. गोल.

"ठसठशीत राहिलंय की गं," माय म्हणाली.

मारलं असतं तर बरं झालं असतं.

तिनं ते नळकांडं बाजूला ठेवलं. चकमक आणि गारगोटी पुसून घेतली. पोरगी अक्काच्या मांडीवरून उचलली, तिचं ओलं दुपटं काढून टाकलं, स्वतःची चोळी सोडली आणि पोरीला उघड्या छातीशी धरलं. मायचंच अंग गार होतं, त्यातून काय ऊब मिळणार? ती पोरीच्या पाठीवर हात चोळत राहिली आणि तोंडानं काहीतरी पुटपुटत राहिली. मी जवळ सरकून ऐकलं. ती देवाचं नाव घेत नव्हती. ती म्हणत होती, "परत नाय. परत नाय."

अक्का एकदम म्हणाली, "माय, रागावू नको."

"आता काय?"

"माझ्या लग्नात तू दिलेलं नळकांडं. ते हाय."

"कुठं?"

अक्कानं भिजलेलं गाठोडं उपसलं आणि तळातून पोरीचा खुळखुळा काढला. लाल-हिरव्या लोकरीच्या दोऱ्यानं विणून काढलेला, टोकाला चार कवड्या. सासरी सगळ्यांनी त्या नळकांड्याची थट्टा केली, तेव्हा तिच्या नणंदेनं त्याला वरून दोरा विणला. आत चकमक आणि गारगोटी होती, हलवलं की वाजायचं. माय चिडेल म्हणून अक्कानं तो तीन महिने माहेरी बाहेर काढला नव्हता.

"रागवायला मागनं लई वेळ हाय," माय म्हणाली. "दे इकडं. ह्या पोरीला तू धर. उघड्या अंगाशी धर."

अक्का लाजून माझ्याकडं बघायला लागली.

"सोड की गं लुगडं! इथं कोण बघायलंय, माकडं?"

मायनं दातानं दोरा तोडला. लोकरीखाली मेण होतं, मधाच्या रंगाचं, दगडासारखं घट्ट. दोन वर्षं झाली होती त्याला. नखानं निघेना. तिनं गारगोटीच्या धारेनं ते फोडलं, बूच पिरगाळलं आणि नळकांडं उपडं केलं.

पाणी पडलं नाही. फडकं पडलं, काळं आणि कोरडं.

"लोकर चांगली लावलीय नणंदेनं," माय म्हणाली.

मी गवत चोळून त्याचं घरटं केलं. मला कुणी सांगितलं नव्हतं, पण हात रिकामे ठेवायची सोय नव्हती. मायचे हात इतके थरथरत होते की पहिला टोला गारगोटीवर न बसता तिच्या बोटावरच बसला. दुसऱ्यांदा ठिणग्या पडल्या आणि दगडावर विझल्या. तिनं माझ्याकडं बघितलं आणि चकमक पुढं केली.

"तू मार. तुझे हात कमी हालायलेत."

मी मारली. किती वेळा ते आठवत नाही. एक ठिणगी फडक्याच्या कडेला बसली. मोहरीएवढी लाल. मायनं वाकून तिच्यावर श्वास सोडला. फुंकर नाही, नुसता श्वास. लाल पसरत गेलं. तिनं ते गवतात ठेवलं, गवताला धूर आला, मग जाळ आला, आणि त्यात तिनं काकडा धरला. काकडा पेटला तेव्हा सालईचा आणि मेणाचा वास कपारीत भरला. माय तेव्हा रडली असं अक्का पुढं सांगायची. मला तसं दिसलं नाही. धूर होता.

काटक्या, लेंड्या, जे मिळेल ते आम्ही त्यावर घातलं. लुगडी पिळून जाळासमोर धरली. पोरीला अक्का आणि माय आलटून पालटून शेकत होत्या. पुष्कळ वेळ काही झालं नाही. मी जाळाकडंच बघत होते. मला तिकडं बघायची हिंमत नव्हती. मग एक आवाज आला, मांजराच्या पिलासारखा. मग पुन्हा. मग ती अशी रडायला लागली की कपार घुमली.

"रड माय, रड," माय म्हणाली. "लई रड."

अक्कानं तिला पाजायला घेतलं. पाऊस उघडल्यावर, दिवस मावळायच्या आत आम्ही खाली उतरलो. अक्काच्या सासरी मायनं मेणाचं कुणाला सांगितलं नाही. घरी आल्यावर दादांनाही नाही. मी वाट बघत होते. आठ दिवस गेले, महिना गेला, ती काही बोलली नाही. त्या खेपेची उरलेली सगळी नळकांडी मात्र तिनं चुलीत घातली. एकेक करून, माझ्यासमोर.

वैशाखात माझं लग्न झालं. निघताना मायनं माझी ओटी भरली. नारळ, तांदूळ, खण, हळकुंड. बैलगाडी गावाबाहेर पडली तसा मी ओटीत हात घातला. तांदळाच्या तळापर्यंत चाचपून बघितलं. नळकांडं नव्हतं. सासरी जाऊन पेटी उघडली तर कुंकवाच्या करंड्यात मेणाचा एक गोळा होता. स्वच्छ, पिवळा. लिंबाएवढा.

मी किती मेण चोरलं ते मी कुणाला सांगितलं नव्हतं.

तो टोमणा होता की माया होती, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. तेव्हा मला राग आला. मी ते मेण वापरलं. दोन वर्षांत संपवलं. जपून ठेवायची अक्कल तेव्हा नव्हती. सासू मात्र माझ्या कुंकवाला पुन्हा कधी नाव ठेवू शकली नाही.

विचारायला माझ्याकडं बारा वर्षं होती. दर दिवाळीला माहेरी जायचे तेव्हा माय नळकांडी करत असायची. मी शेजारी बसायचे. ती मला कापूस वळायला द्यायची, फडकं फाडायला द्यायची. मेण माझ्या हातात तिनं पुन्हा दिलं नाही. आम्ही दुनियेभरच्या गोष्टी बोलायचो. कुणाची म्हैस आटली, कुणाची सून पळाली. तेवढंच बोललो नाही. माझ्या मनात यायचं, आज ही म्हणेल, हे एक घेऊन जा तुझ्या घरी. मी निघताना पिशवी उघडी ठेवायचे. ती त्यात शेंगा घालायची, लोणचं घालायची.

मग ती एका उन्हाळ्यात तापानं गेली. तेराव्याचे दिवस झाल्यावर मी खुंटीकडं बघितलं. खुंटी मोकळी होती. मी वहिनीला विचारलं.

"चुलीला लावली," वहिनी म्हणाली. "वळवानं सरपण ओलं होतं. लई छान पेटायची, वन्सं."

तिचं काय चुकलं? ती पेटवायलाच केलेली होती. पण मी परसात जाऊन राखेचा ढीग काठीनं उकरला. निदान चकमक तरी सापडेल म्हणून. एक सापडली. ती माझ्याकडं आहे.

आता मी पडेगावात लेकाकडं असते. मालक गेले त्याला सतरा वर्षं झाली. कपाळाला काही लावत नाही, त्यामुळं मेणाची आठवण यायचं कारण नाही. तरी येते. मागच्या महिन्यात माझी नात दौलताबादच्या पलीकडं डोंगरात चढायला निघाली, मैत्रिणींबरोबर. आदल्या रात्री तिनं प्लास्टिकच्या छोट्या डबीत कापसाचे बोळे भरले होते, व्हॅसलीनमध्ये घोळवलेले.

"हे काय गं?" मी विचारलं.

"आजी, हे भिजलं तरी पेटतं. शिबिरात शिकवलं आम्हाला."

"बघितलंस का पेटवून?"

"शिकवलंय ना त्यांनी."

मी डबी तिच्या हातातून घेतली आणि बादलीत दगडाखाली ठेवली. ती ओरडली. तिचा बाप म्हणाला, आई, सकाळी पोरीला उशीर होईल. मी म्हणाले, होऊ दे. सकाळी काढून बघितलं, बोळा कोरडा होता. गॅसच्या लायटरनं पेटवला तर चांगला पाच मिनिटं जळला. वास कसलाच आला नाही.

"झालं समाधान?" नात म्हणाली.

मी म्हणाले, बरं आहे, जा. मग तिची पाठ फिरल्यावर मला वाटलं की मी तिला एक नळकांडं करून द्यायला पाहिजे होतं. मला सगळं येतं. बांबू मिळतो, कापूस मिळतो, चकमक आहे. पण मी आजवर एकही केलेलं नाही. स्वतःसाठी कुणी करत नाही ते. ते कुणीतरी आपल्या ओटीत घालावं लागतं. ऐंशी ओलांडून गेले तरी मला ते पाहिजे आहे. मायच्या हातचं, मधाच्या रंगाच्या मेणाचं, नखानं न निघणारं. दुसरं कुणाचं नको.

अक्का चार वर्षांपूर्वी गेली. तिची ती पोरगी सिल्लोडला असते. तिलाही नातवंडं झाली, गुडघे धरलेत. तिला ह्यातलं काही आठवत नाही, आठवणार तरी कसं? फोनवर ती मला विचारते, मावशी, खरंच एवढी थंडी होती का गं?

होती. पण त्या दिवशी डोंगरावर आम्ही चौघी गेलो होतो, आणि चौघी जिवंत खाली उतरलो.